लंडनच्या पबमधल्या थाई रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी आईला घेऊन परत जावं का?

हो, न्याच. तुम्ही लिहिलंय की मित्रांसोबत एकदा चर्चिल आर्म्सला जेवून आलात, आता आई येतायत, त्या शाकाहारी, त्यात पब म्हटल्यावर अवघडतील का. मी २०१२ ला शिकायला असताना तिथं पहिल्यांदा गेले आणि दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन परत गेले, ती माळकरी, त्यामुळे मनात नेमकी हीच भीती होती.

ज्यांना जागा माहीत नाही त्यांच्यासाठी, नॉटिंग हिल गेटला उतरून केन्सिंग्टन चर्च स्ट्रीटने थोडं चाललं की उन्हाळ्यात फुलांनी झाकलेली एक इमारत दिसते, तीच. १७५० ची आहे. आत छताला तांब्याची भांडी टांगलेली, बिअरचा वास, आणि तसंच मागे गेलं की थाई रेस्टॉरंट. लंडनच्या पबमध्ये थाई जेवण सुरू केलं त्या अगदी पहिल्या जागांपैकी ही, ८० च्या दशकाच्या शेवटची गोष्ट. नंतर हे पुष्कळ पबांनी उचललं, कारण सोपं आहे, पबचं किचन लहान असतं आणि थाई पदार्थ मोठ्या आचेवर एका कढईत चार-पाच मिनिटांत होतात, जेवणाचं थाई माणसं बघतात आणि पबवाला बिअर विकतो, दोघांचंही भागतं.

पहिल्या वेळी मी खरं सांगायचं तर पबच बघत बसले. पॅड थाई (परतलेल्या नूडल्स) मागवलं, गोडसर लागलं, दहा पौंडांच्या आत पोट भरलं याचाच आनंद. दुसऱ्या वेळी मात्र नीट जेवले.

आता तुमच्या आईंचं. मेनूवर भाज्या आणि टोफू दिसलं म्हणजे ते शाकाहारी झालं असं अजिबात समजू नका. थाई जेवणात मीठाचं काम फिश सॉस करतो, करीच्या वाटणात बहुतेक वेळा कोळंबीची पेस्ट असते (आपल्या जवळ्याचा वास आठवा), आणि परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा. एका दुसऱ्या पबमध्ये माझ्या जैन मैत्रिणीला नुसतं ‘व्हेज’ सांगून फिश सॉसवालं जेवण आलं होतं, अर्धं खाऊन झाल्यावर कळलं, ती त्या रात्री रडली होती. म्हणून व्हेज एवढंच सांगून थांबू नका, सरळ अ‍ॅलर्जनची माहिती मागा, म्हणजे ज्या घटकांची काहींना अ‍ॅलर्जी होते त्यांची. ब्रिटनमध्ये १४ अ‍ॅलर्जन सांगणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यात मासे, कोळंबी-खेकडे आणि शिंपले-कालवं हे तिन्ही वेगवेगळे येतात, म्हणजे या सॉस आणि पेस्टचं तिथंच कळतं. मी वेट्रेसला तिन्ही नावं घेऊन विचारलं, ती आत जाऊन विचारून आली आणि आईला टोफू, मिरची आणि बेझिल घालून सोया सॉसमध्ये परतून दिलं.

ताट आलं तर आई खाईना. एक पान उचललं, बोटांत चुरडलं, वास घेतला. मला धस्स झालं, कारण थायलंडमध्ये ज्याला क्रापाव म्हणतात ती खरंच आपली तुळस, आणि गळ्यात तुळशीची माळ असलेल्या बाईला मी कढईत परतलेली तुळस खाऊ घालणार होते, हे माझ्या आधी डोक्यातच आलं नव्हतं. पण आई म्हणाली, “अगं ही तुळस नव्हे, बडीशेपेसारखा वास येतोय, हा सब्जा.” आणि तिचं बरोबर होतं! थाई बेझिल म्हणजे सब्जाच्याच जातीचं झाड, परदेशात खरी तुळस सहज मिळत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी तेच वापरतात. मग मात्र ती निवांत जेवली, भात पुन्हा मागितला, सूपच्या वाफेतला गवती चहा तर तिनं लांबूनच ओळखला. तुमच्या आई तुळस खात नसतील तर हेही आधीच विचारून घ्या.

टेबल बुक करूनच जा आणि शक्यतो दुपारी, संध्याकाळी पुढच्या भागात इतकी गर्दी असते की वयस्कर माणसाला वाट काढत मागे जाणं जड जातं. तिखट हवं असेल तर आधीच स्पष्ट सांगा, माझ्या आईनं नंतर वाटीत वेगळी मिरची मागवली होती.