हरितगृह वायू कमी करण्याचे आंतरराष्ट्रीय करार खरंच उपयोगी पडतात का?
पडतात, पण करार मोडणं महागात पडत असेल तरच. १९८७चा मॉन्ट्रियल करार बघा. तो ओझोनचा थर वाचवण्यासाठी होता, पण त्या थराला घातक असलेले सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) हे जबरदस्त हरितगृह वायूही आहेत. जुन्या फ्रिजमधला सीएफसी-१२ शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,००० पट तापवतो. तिथे रसायनांची नावं आणि तारखा पक्क्या होत्या, विकसनशील देशांना निधी मिळाला आणि कराराबाहेरच्या देशांशी त्या मालाचा व्यापार बंद झाला. म्हणून तो चालला. क्योटो करारात (१९९७) वायू कमी करण्याचं बंधन फक्त औद्योगिक देशांवर. अमेरिकेने मंजुरीच दिली नाही, कॅनडा मधूनच बाहेर पडला. पॅरिस करारात (२०१५) प्रत्येक देश आपलं लक्ष्य स्वतःच ठरवतो. गळती इथेच आहे: हिशेब देणं बंधनकारक, लक्ष्य गाठणं मात्र नाही.