सगळे म्हणतात मजा आहे: बेटावरच्या जवानाचा न बोललेला त्रास

"लढाई नाही, बर्फ नाही, समोर निळा समुद्र. तरी मला जड का जातंय? मी जवान म्हणून कच्चा आहे का?"

उष्ण कटिबंधातल्या बेटावर तैनात असलेले पायदळाचे जवान हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. घरच्यांचा प्रश्न त्याच्याच दुसऱ्या बाजूचा असतो: "फोटोत तर वाळू आणि नारळाची झाडं दिसतात, मग फोनवर हा इतका तुटक का बोलतो?" पुढची हकिगत एकाहून अधिक जवानांच्या अनुभवांतून जुळवली आहे, त्यामुळे ती कुणा एकाची ओळख सांगत नाही.

वय चोवीस. रायफल कंपनीत, बेटावर येऊन आठ महिने. चार आठवड्यांची सुटी संपवून परतला त्याला तीन आठवडे झालेले. झोप तुटते, भूक नाही, चिडचिड होते, रात्री छातीत काहीतरी जळतं आणि धास्तावून जाग येते. दोन गोष्टी मनाला फार लागल्या होत्या. परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी गस्तीवर चक्कर येऊन त्याला खाली बसावं लागलं. पुढच्या आठवड्यात शस्त्र तपासणीत त्याच्या रायफलवर गंज निघाला आणि सगळ्यांसमोर बोलणी बसली. या दोन्ही गोष्टी त्याने स्वतःच्या कमकुवतपणाचा पुरावा म्हणून मनात जपून ठेवल्या होत्या.

आम्ही समुपदेशक; आमच्याशी झालेल्या पहिल्या भेटीत दोन कामं झाली. लष्करी व्यवस्थेत समुपदेशनातलं काय गुप्त राहतं, काय वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावं लागतं, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलं. हे आधी न सांगता मोकळं बोलण्याची अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. मग पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली. एकूण २७ पैकी ११ गुण आले, म्हणजे मध्यम पातळी. मात्र या प्रश्नावलीतल्या झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता या प्रश्नांना केवळ शरीर दमलं असलं तरी गुण मिळतात. दमट उकाड्यात राहणाऱ्या माणसाचे गुण वाचताना हे विसरलं, तर उष्णतेवर नैराश्याचं लेबल लागतं. म्हणून "तुम्हाला काय वाटतं?" याच्याआधी "तुमचे चोवीस तास सांगा" असं विचारलं. पहाटे साडेचारपासून तासातासाने.

तिथेच पहिला धागा मिळाला. उष्णतेशी शरीर जुळवून घेतं, त्याला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं आणि त्याच कामाला हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. ही कमाई टिकाऊ नसते. उकाड्यापासून दूर गेल्यावर आठवडाभर ती बऱ्यापैकी राहते, मग ओसरते आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक निघून जाते. म्हणजे महिनाभराच्या सुटीनंतर आठ महिन्यांचा जुना जवानही जवळजवळ नवखाच असतो. त्याला दुसऱ्या दिवशी पूर्ण ओझ्यासह गस्तीवर पाठवलं गेलं. अमेरिकेतील निओश ही कामगार-आरोग्य संस्था अनुभवी माणसालाही परतल्यावर पहिल्या दिवशी ५०, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी १०० टक्के काम द्यायला सांगते. नवख्याला पहिल्या दिवशी फक्त २० टक्के, पुढे रोज तितकीच भर.

कोरड्या उन्हाची सवय असलेल्यांना बेटावरचा उकाडा सुरुवातीला समजतच नाही. तापमापक ३१ अंश दाखवतो आणि माणूस म्हणतो, यात काय विशेष? शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. हवेतच ओल भरलेली असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी जातं आणि थंडावा मिळत नाही. म्हणूनच सैन्यात साध्या तापमानाऐवजी वेट बल्ब ग्लोब तापमान पाहतात. त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकाला ७० टक्के, काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला २० आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के वजन असतं. दमट हवेत अंगावर संरक्षक जाकीट चढवलं की त्या आकड्यात जवळपास तीन अंश मिळवायचे. अमेरिकी लष्करात बराच काळ वापरल्या गेलेल्या तक्त्यानुसार हा आकडा ३२ अंशांच्या वर गेला, तर ओझं घेऊन करायच्या जड कामाला तासात १० मिनिटं काम आणि ५० मिनिटं विश्रांती द्यायची असते. प्रत्यक्ष कारवाईत हे पाळता येत नाही हे मान्य, पण सरावात आणि नेहमीच्या गस्तीत पाळता येतं, आणि पाळायलाच हवं.

चक्कर आल्यानंतर त्याला "पाणी पी" असं सांगितलं गेलं. तो घाबरून सारखं पाणी पिऊ लागला आणि डोकेदुखी वाढली. त्याच तक्त्यात पाण्याची वरची मर्यादाही दिलेली आहे: तासाला सुमारे १.४ लिटर आणि दिवसाला सुमारे ११ लिटर, त्याहून जास्त नाही. नुसतं पाणी ढोसलं आणि जेवण टाळलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ, उलटी, गोंधळ ही लक्षणं उष्माघातासारखीच दिसतात, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात आणि जिवावर बेततं. भूक नसल्यामुळे हा जवान दुपारचं जेवण सोडत होता, म्हणजे मीठही सोडत होता. तीन वेळचं जेवण सुरू झालं आणि लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतकंच पाणी घ्यायचं ठरलं. चार दिवसांत डोकेदुखी थांबली.

उष्माघाताबद्दल त्याच्या सोबत्यांनाही माहीत असावं म्हणून इथेच सांगतो. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल गेला, चिडून भांडू लागला, तर घाम येतोय की नाही हे बघत बसू नये. कपडे-सामान उतरवावं, बर्फाच्या पाण्यात बसवावं किंवा बर्फात भिजवलेल्या चादरी गुंडाळून सारख्या बदलाव्यात. आधी थंड करायचं, मग हलवायचं.

गंजाची गोष्ट ऐकून वाटेल की याचा समुपदेशनाशी काय संबंध. फार जवळचा आहे. पायदळाच्या जवानाची स्वतःबद्दलची किंमत त्याच्या हत्यारात गुंतलेली असते. हा रोज रायफलला तेल लावत होता, तरी गंज आला, म्हणून त्याला आपण वेडगळ झालो असं वाटू लागलं. समुद्री हवेतलं मीठ धातूवर बसतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. ते मीठ न काढता वरून तेल चोळलं तर गंज तेलाखालून वाढत राहतो. बेटावर क्रम असा लागतो: आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसणं, मग पूर्ण कोरडं करणं, मग तेलाचा पातळ थर. पट्ट्याच्या कड्या, स्क्रूची डोकी, मॅगझिनची स्प्रिंग आणि गाल टेकतो ती जागा हमखास राहून जाते. घामातही मीठच असतं. दुर्बिणीच्या काचांवर बुरशी धरते, म्हणून त्या ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्या लागतात. हे कारण कळल्यावर त्याचा चेहरा उजळला. पुढच्या तपासणीत रायफल स्वच्छ निघाली. त्याचा त्याच्या मनावर झालेला परिणाम आमच्या कुठल्याही शब्दांपेक्षा मोठा होता.

रात्री छातीत जळण्याचं मूळ हिवतापाच्या गोळीत सापडलं. तो डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज घ्यायचा, पण झोपायला जाताना, घोटभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवा व्हायचा. ही गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथे जळतं, कधी व्रणही होतो. जळजळीने जाग यायची आणि अंधारात तीच धास्ती वाटायची. पुढेपुढे तो गोळी चुकवू लागला होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर, पेलाभर पाण्याने, आणि नंतर निदान तासभर आडवं न होता, असं ठरलं. या गोळीने ऊन जास्त बाधतं, म्हणून लांब बाह्या आणि टोपी सोडायची नाही. बेटावरचा जवान भयानक स्वप्नं, अस्वस्थता, संशय अशा तक्रारी घेऊन आला, तर त्याला कोणती गोळी चालू आहे हे आधी विचारावं. मेफ्लोक्विन या हिवतापाच्याच दुसऱ्या गोळीवर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली मानसिक आणि मज्जासंस्थेच्या दुष्परिणामांबद्दल सर्वात कडक पातळीचा इशारा छापायला लावला. गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

गोळीबद्दलच्या अफवाही जुन्याच आहेत. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांवर हिवतापाने तुकड्याच्या तुकड्या आडव्या केल्या. तेव्हा अ‍ॅटेब्रिन या पिवळ्या गोळीने नपुंसकत्व येतं अशी बोलवा होती आणि जवान ती टाकून देत. १९४३ पासून ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स इथे नील हॅमिल्टन फेअर्ली यांच्या पथकाने स्वयंसेवक सैनिकांवर प्रयोग करून दाखवलं की रोज १०० मिलिग्रॅम नियमाने घेतली तर ती हिवतापाला रोखते. आजही तुकडीत कुणी कुजबुजत असेल, तर त्याला दम देण्यापेक्षा त्याची शंका मोकळेपणाने ऐकून उत्तर देणं जास्त उपयोगी पडतं.

डेंगीचा डास दिवसा चावतो, त्यामुळे मच्छरदाणी एकटी पुरत नाही. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेला गणवेश आणि उघड्या त्वचेवर डीट हे डास दूर ठेवणारं औषध, दोन्ही हवेत. डेंगीनंतर काही आठवडे अशक्तपणा आणि उदासी राहू शकते, हे आजारी जवानाला आधीच सांगून ठेवावं. डेंगीची शंका असताना तापाला पॅरासिटामॉलच. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. पायांचा नियम एकच: रोज काही तास, शक्यतो झोपेत, पाय पूर्ण कोरडे आणि उघडे. व्हिएतनाम युद्धात मेकाँग नदीच्या चिखलात अमेरिकी पायदळाला साधारण ४८ तासांनंतर माणसं कोरड्या जागी आणावी लागत, नाहीतर तळपायांची कातडी भिजून सुटायची आणि चालणं बंद व्हायचं.

तीन आठवड्यांनी झोप आणि भूक बरीच सुधारली. मग जे उरलं ते खरं मनाचं होतं. शरीराचा गाळ आधी काढल्यामुळे ते नीट दिसलं, असं आमचं मत आहे.

उरलं होतं ते असं. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर जवळपास सारख्याच लांबीचा, ऋतू बदलत नाही, गस्तीची वाट तीच, चेहरे तेच. ड्यूटी संपली तरी जेवायला, खेळायला, झोपायला त्याच माणसांत आणि त्याच हुद्द्यांत. वादळ आलं की जहाज थांबतं, टपाल थांबतं, सुटीही पुढे जाते. यात कुठलंच मोठं संकट नाही, म्हणून तक्रार करायची लाज वाटते. आणि घरचे म्हणतात, मजा आहे बाबा तुझी. हे वाक्य प्रेमानेच म्हटलेलं असतं, पण त्यानंतर जवानाला बोलायला जागाच उरत नाही.

दिवसांना वेगळेपण हवं होतं. त्याने स्वतःच भरती-ओहोटीची वही सुरू केली. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, आणि त्याच्या गस्तीची किनाऱ्यावरची वाट भरतीत बंद व्हायची. त्याची नोंद सेक्शनला, म्हणजे त्याच्या छोट्या तुकडीला, उपयोगी पडू लागली, गस्तीची वेळ त्यावरून ठरू लागली. छंद कुठलाही चालेल, पण त्यात आज आणि उद्या वेगळे दिसले पाहिजेत. शिवाय सेक्शन कमांडरशी बोलून रोज २० मिनिटं अशी मिळवली, ज्यात आग लागल्याखेरीज त्याला कुणी हाक मारायची नाही. गर्दीतल्या एकटेपणावर एकांत हा उपाय आहे हे कमांडरला पटवावं लागलं, पण पटलं.

घरच्या फोनसाठी तीन गोष्टी ठरल्या. आठवड्यातले दोन वार आणि वेळ पक्की. प्रत्येक फोनमध्ये एक जड गेलेली गोष्ट आणि एक साधी गोष्ट सांगायची. फोन लागला नाही तर तीन दिवस कुणी वाईट अर्थ काढायचा नाही, कारण बेटावर संपर्क हवामानानेही तुटतो. आईला सांगितलं की "मजा आहे ना?" याऐवजी "आज झोप झाली का? जेवलास काय?" असं विचारा. या प्रश्नांना खोटं उत्तर द्यायला जीव धजत नाही.

दारूचा विषय प्रत्येक जवानाशी काढावा लागतो. खर्चाला जागा नाही, संध्याकाळ लांब, आणि प्यालेला माणूस रात्री समुद्रात उतरतो. प्यायलेल्या रात्रीची झोप तुटकी असते आणि दुसऱ्या दिवशीची गस्त अंगावर येते.

आणखी एक प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला होता: "जीव नकोसा होतो का? तसा विचार मनात येतो का?" असं थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट, बोलायची वाट मिळते. त्याचं उत्तर नाही असं होतं. हो आलं असतं तर त्याला एकटं न सोडता, त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवून, त्याचं हत्यार शस्त्रागारात जमा करून घेतलं असतं. पायदळात हत्यार हाताशी असतं, त्यामुळे इथे वेळ दवडता येत नाही. सोबती वस्तू वाटून टाकू लागला, एकटा पिऊ लागला, नीट झोप मिळूनही दोन आठवडे कशातच रस घेईना, तर त्याला विचारा. दोस्ताला अडचणीत आणतोय असं वाटून गप्प बसू नका.

सहाव्या आठवड्यात प्रश्नावलीचे गुण ५ वर आले. कंटाळा अजून येतो, जहाज लांबलं की चिडतो. त्याला आम्ही आजार मानत नाही.

बेटावरून कायमचं परतणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. डॉक्सिसायक्लिन बेट सोडल्यानंतरही चार आठवडे घ्यायची असते, आणि घरी पोचल्याच्या आनंदात ती हमखास सुटते. हिवतापाचा एक प्रकार, व्हायवॅक्स, यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी उलटतो. त्याला मुळापासून काढायला प्रायमाक्विन हे औषध लागतं, आणि ते देण्याआधी जी६पीडी ही रक्ताची तपासणी करावी लागते. म्हणून परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं की मी अमुक बेटावर तैनात होतो.