एचआयव्ही पॉझिटिव्ह आलेला माणूस चिठ्ठी दिल्यावर उपचाराच्या सेंटरला जातच नाही, काय करावं?

नुसती चिठ्ठी देऊ नका, कुणीतरी सोबत जा, आणि तेही जमलं तर त्याच दिवशी. डब्ल्यूएचओ २०१७ पासून हेच सांगतंय की तपासणी पक्की झाल्यावर ७ दिवसांच्या आत एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) सुरू करावी आणि माणूस तयार असेल तर त्याच दिवशी, सीडी४ च्या (रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टसाठी गोळ्या अडवून ठेवायची गरज नाही (२०१५ पासून सीडी४ कितीही असला तरी उपचार द्यायचेच असं ठरलंय). माणसं गळतात ती याच मधल्या दिवसांत, कारण रोजंदारी बुडते, गाडीभाडं नसतं, रांगेत शेजारचं कुणी बघेल ही भीती असते, आणि अंगात काही त्रास नसला की "नंतर बघू" होतं ते होतंच. म्हणून स्वतः एचआयव्ही घेऊन जगणारा, गोळ्या नीट चालू असलेला कुणी सोबतीला दिला तर फार फरक पडतो, आपल्या दहा लेक्चरपेक्षा त्याचं एक वाक्य चालतं. बाकी:

- फोन कुणाच्या हातात असतो ते विचारूनच नंबर घ्या, मेसेजमध्ये आजाराचं नाव नको
- घरी जायचं तर आधी परवानगी
- पुढची तारीख त्याच्या कामाच्या वेळा बघून

फक्त एक, जोराची डोकेदुखी किंवा मान आखडणं असेल तर घाई नको, आधी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) तपासायला लागतो, तो निघाला तर एआरटी काही आठवडे पुढे ढकलतात. बरेच दिवस ताप-खोकला असेल तर टीबी लगेच तपासायला लागतो, पण मेनिंजायटिसची लक्षणं नसतील तर डब्ल्यूएचओच्या मते ती तपासणी चालू असतानाच एआरटी सुरू करता येते.