ऑस्ट्रेलियातले मूलनिवासी आपली परंपरागत जमीन एकत्र मिळून कशी सांभाळतात?

पद्धत जागोजागी वेगळी आहे. मी व्हिक्टोरिया राज्यातल्या बज बिमचं उदाहरण देतो, कारण तिथे जमीन, पाणी आणि संस्कृती वेगळी काढताच येत नाहीत.

बज बिम हा निद्रिस्त ज्वालामुखी. त्याच्या लाव्हाच्या काळ्या दगडांत तिथल्या मूलनिवासी गुंडिचमारा लोकांनी पाट काढले, बांध रचले आणि वामसारखे लांबट ईल मासे अडवून वाढवले. यातली सर्वांत जुनी रचना सुमारे 6,600 वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची! पुढे युरोपीय वसाहतवाल्यांनी शेती-कुरणांसाठी तिथल्या कोंडा तलावाचं पाणी काढून टाकलं आणि हे सगळं कोरडं पडलं.

गुंडिचमारांनी कोर्टात दीर्घ लढा दिला. 2007 मध्ये त्यांचा परंपरागत हक्क मान्य झाला आणि 2010 मध्ये बांध घालून तलावात पुन्हा पाणी आणलं गेलं. आज काही जमीन थेट त्यांच्या संस्थेच्या मालकीची आहे, तर राष्ट्रीय उद्यानाचा कारभार ते राज्य सरकारसोबत बघतात. तण काढणं, पाटांची देखभाल, पर्यटकांना माहिती देणं ही कामं समाजातलेच रेंजर करतात.

2019 मध्ये युनेस्कोने बज बिमला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोही केवळ मूलनिवासी संस्कृतीच्या मूल्यासाठी. ऑस्ट्रेलियात असं पहिल्यांदाच घडलं. माझ्या मते खरा फरक मात्र कोर्टाच्या निकालाने पडला. हक्क हातात नसेल, तर ‘सहभाग’ कागदावरच राहतो.