‘तिथे नवीन काहीच नाही’ असं मुलगा म्हणतो तेव्हा

‘आम्ही १७ वर्षं टोरांटोजवळ राहतो. मुलगा १४ वर्षांचा आहे, अभ्यासात बरा, गिटार छान वाजवतो. तो दोन वर्षांचा असल्यापासून दर जुलैत आम्ही पाच आठवडे सांगलीला सासूबाईंकडे जातो. यंदा तिकिटं काढायच्या वेळी तो म्हणाला, “तुम्ही जा. मी नाही येणार. तिथे नवीन काहीच नाही.” त्याला जपान बघायचंय. नवरा म्हणतो, जबरदस्तीने न्यायचं. सासूबाईंना अजून काहीच सांगितलेलं नाही, त्या फोनवर भडंग कुठलं आणून ठेवू ते विचारतात. आम्ही कुठे कमी पडलो?’
– एक आई, मिसिसागा

ताई, कमी पडण्याचा विचार आधी मनातून काढा. नव्याची ओढ हे काही वाईट वळण नव्हे, ती पाळण्यापासून असते. रॉबर्ट फँट्झ या मानसशास्त्रज्ञाने तान्ह्या बाळांना दोन-दोन चित्रं दाखवली होती. एक दर वेळी तेच, दुसरं दर वेळी निराळं. १९६४ साली त्याने लिहिलं की दोन महिन्यांपुढची बाळं त्याच त्या चित्राकडे हळूहळू बघेनाशी होतात आणि नव्याकडे जास्त वेळ बघतात. मान अजून धड धरत नाही, पण ‘हे बघून झालं’ एवढं कळतं.

दुसरा एक प्रयोग तुमच्या घरच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी खडबडून जाग्या व्हायच्या. मग रस देण्याआधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकडाला ती पाठ झाल्यावर पेशी खूण दिसली की जाग्या व्हायच्या आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा गप्प राहायच्या. रस तोच, गोडी तीच, पण आता तो येणार हे आधीच ठाऊक होतं.

आता तुमचे पाच आठवडे डोळ्यांसमोर आणा. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकणं. पहिल्या दिवशी पुरणपोळी. दुसऱ्या दिवसापासून एकेका नातेवाइकाचं घर, सोफ्यावर ओळीने बसणं, ‘किती उंच झालास रे’, पोह्यांची बशी, निघताना हातात कोंबलेली ५०० ची नोट. हे सगळं मायेचंच आहे, मला त्यातलं काहीही कमी वाटत नाही. पण बारा वर्षं झाली, त्याला सगळ्या खुणा पाठ आहेत. सांगलीत नवीन काही नाही असं मुळीच नाही. आपण त्याला सांगलीतले चार दिवाणखाने तेवढे दाखवले.

तरी एक गोष्ट आधी तपासा, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना सुट्टीत गावी एका काकांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं, ‘मराठी बोलून दाखव बघू.’ ती म्हणाली, ‘माझा आजी मला लाडू दिला.’ घरभर हशा पिकला. हसणाऱ्यांत मीही होते. त्यानंतर दोन वर्षं ती गावी जायचं म्हटलं की ‘बोअर होतं’ एवढंच म्हणायची आणि मी तिला तिथल्या गमतीजमती समजावत बसायचे. खरी गोष्ट तिने तेराव्या वर्षी, गाडीत, खिडकीबाहेर बघत सांगितली. ‘तुम्ही सगळे हसता.’ मला त्या वेळी गाडी बाजूला घ्यावी लागली.

म्हणून मुलाला एकटं गाठा, आणि ‘का येत नाहीस’ असं विचारू नका. ‘तिथे गेल्यावर सगळ्यात नको वाटतं ते काय?’ असं विचारा आणि मग गप्प बसा. उत्तर मराठीचं असेल, चुलत भावंडांनी ‘एनआरआय’ म्हणून चिडवण्याचं असेल, तर जपानची तिकिटं काढूनही ते दुखणं जाणार नाही. तसं काही नसेल आणि त्याला खरोखर कंटाळाच आला असेल, तर त्यावर पुष्कळ करता येतं.

मुलगा गिटार वाजवतो आणि मिरज सांगलीपासून जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. बारा वर्षांत त्याला सतारमेकरांच्या गल्लीत कुणी नेलं का? मंगळवेढा-पंढरपूरकडचे मोठाले भोपळे तिथे छताशी टांगलेले असतात, त्यांचेच तंबोरे होतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एखाद्या कारागिराला विनंती करा आणि तो जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, मुलाला बसून बघू द्या. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसेने अगदी हलक्या हाताने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवतो. धागा केसभर पुढे सरकला की तोपर्यंत मुकी वाटणारी तार एकदम झंकारू लागते. गिटारवाल्या मुलाला हे शब्दांत सांगावं लागत नाही.

आणि तिथे तुम्ही सोबत जाऊ नका. चुलत भावाबरोबर बसने जाऊ दे, तिकीट त्याने काढू दे, रस्ता त्याला विचारू दे. मोडक्या मराठीत विचारेल. वाट दाखवणाऱ्या परक्या माणसाला लिंग-वचनाशी काही देणंघेणं नसतं.

जुलैत सांगली फुटांमध्ये बोलते हेही त्याला माहीत नसेल. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर धोका. पाऊस लागला की सकाळी चहाबरोबर आधी पाणी किती चढलं ते विचारलं जातं. रोजचा आकडा टिपायचं काम त्याच्याकडे द्या. हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली. २००५ च्या पुरात त्यांतली पुष्कळ गेली. ती कशी असायची हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. ही माणसं गाठायला आजीची ओळख लागेल, म्हणजे आजीलाही पोळ्यांपलीकडचं काम मिळेल.

यजमानांना माझा निरोप सांगा, ओढून नेऊ नका. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५० च्या दशकात युगांडात आणि नंतर बाल्टिमोरमध्ये लहान मुलं आणि आया यांना महिनोन्‌महिने जवळून पाहिलं. आई जवळ आहे याची खात्री असलेलं मूल रांगत लांब जातं, वस्तू उचलतं, मागे वळून एकदा आईकडे बघतं आणि आणखी लांब जातं. १४ व्या वर्षीही हेच चालतं, फक्त मागे वळून बघणं आपल्या लक्षात येत नाही. त्याला जपान बघावंसं वाटतं, कारण तुमचं घर त्याला पक्कं वाटतं. त्यामुळे जपान त्याला जरूर द्या. यंदा पाच आठवड्यांऐवजी तीन आठवडे सांगली, आणि पुढच्या वर्षीच्या जपानची आखणी आतापासून त्याच्या हातात. खर्चाचा कागदही त्यानेच करायचा.

हे सासूबाईंना कसं सांगायचं याची तुम्हाला धास्ती आहे. त्यांना वाटेल, नातू परका झाला. पण त्यांच्याच एकादशीच्या ताटाकडे बघा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. सहाशे वर्षांपूर्वी यातलं काहीही इथे पिकत नव्हतं, ‘बटाटा’ हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांचा. कुणा एका सुनेने ती परकी मिरची पहिल्यांदा फोडणीत टाकली असेल तेव्हा तिच्या सासूनेही भुवया उंचावल्या असतील. आज ती खिचडी सोवळ्यात होते.

येत्या रविवारी फोन लावाल तेव्हा ही बातमी तुम्ही सांगू नका. फोन मुलाच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा. त्याने आजीला एवढंच विचारायचं, ‘आजी, तू १४ वर्षांची असताना तुला कुठे जायचं होतं?’

त्या काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा.