६० लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपाचा मॅश टन (बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य गरम पाण्यात भिजत ठेवायचं भांडं) होईल का, आणि त्यात उष्णता कशी टिकवायची?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडात राहता, डब्यातल्या किटची, म्हणजे तयार अर्काची, बिअर दोन-तीनदा करून झाली, आता थेट माल्टपासून करायची आहे. हाताशी ६० लिटरचं निळं पिंप आहे आणि त्याला बाहेरून काय गुंडाळायचं, हा प्रश्न आहे. मी यॉर्कशायरमध्ये राहतो आणि गॅरेजमध्ये हाच उद्योग करतो, म्हणून लिहितो. होईल की. पण माझ्या अनुभवात गुंडाळणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. डोकं खातात ते झाकण आणि तोटी.

आधी पिंप उलटं करून बुडाशी बघा. त्रिकोणात २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी, ही प्लास्टिकची दोन्ही जातं चालतील. शेजारी पेला आणि काट्याची खूण असेल तर ते अन्नासाठीचं आहे. त्यात पूर्वी काय होतं हे नक्की माहीत नसेल, तर ते पावसाचं पाणी साठवायला ठेवा आणि दुसरं आणा. प्लास्टिक वास आणि रसायनं पोटात धरून ठेवतं. माझं पहिलं पिंप ऑलिव्हच्या लोणच्याचं होतं. खायचा सोडा झाला, उन्हात ठेवून झालं (इथलं ऊन ते किती), तरी आत गरम पाणी ओतलं की गॅरेजभर लोणचं! ते आता बागेत उभं आहे.

मॅश म्हणजे काय हे किटवाल्यांना नीट सांगितलेलं नसतं, म्हणून थोडक्यात. नाचणीला मोड आणून केलेलं सत्त्व शिजवलं की साध्या पिठापेक्षा पातळ आणि गोडसर होतं ना, तीच गोष्ट इथे सातूची. मोड आणून वाळवलेला सातू म्हणजे माल्ट. तो भरडून गरम पाण्यात तासभर ठेवला की त्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. हे काम ६३ ते ६९ अंश सेल्सिअसच्या दरम्यान चांगलं चालतं. खालच्या टोकाला बिअर कोरडी, हलकी होते. वरच्या टोकाला अंगानं भरीव. मी बहुतेक वेळा ६७ वर राहतो. थोडक्यात, थंडीत दह्याचं पातेलं घोंगडीत गुंडाळून ठेवायचं तसंच हे आहे, फक्त इथे कोमट चालत नाही.

आता उष्णता जाते कुठे? मी पहिल्यांदा उघड्या पिंपात, जानेवारीत, ६७ वर सुरुवात केली आणि तासानं काटा ६१ वर आला होता. पुढच्या खेपेला बाजूंना दोन थर गुंडाळले, तर ६३. सुधारणा झाली, पण मेहनतीच्या मानानं कमीच. मग झाकणावर हात ठेवला तर ते चांगलंच ऊन लागत होतं. पिंपाची झाकणं बहुधा एकपदरी, पातळ असतात. शिवाय तुमचं पिंप कामापेक्षा मोठं आहे. २३ लिटर बिअरला साधारण ५ किलो माल्ट आणि १५ लिटर पाणी लागतं, म्हणजे सगळं मिळून १८ लिटरच्या आसपास. ६० लिटरच्या पिंपात वरची दोन-तृतीयांश जागा रिकामी, आणि ती हवा तापवायला तुमचीच उष्णता जाते. जमलं तर ३० लिटरचं पिंप घ्या. नाहीच तर फोमची गोल चकती कापून, जाड अॅल्युमिनियम फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळून थेट मॅशवर तरंगत ठेवा. दिसायला गबाळं दिसतं, पण त्या चकतीनं आणि झाकणावर बांधलेल्या जुन्या उशीनं मला तासाला दीड अंशाच्या आत आणून ठेवलं. एक-दोन अंश उतरले तर जीव टाकू नका, साखरेचं बरंचसं काम पहिल्या अर्ध्या तासातच उरकतं.

बाजूंना कॅम्पिंगच्या चटईचे दोन थर, वर चंदेरी बुडबुड्यांचा कागद, अॅल्युमिनियमची चिकटपट्टी. किंवा गरम पाण्याच्या टाकीचं जाकीट, जे इथे बांधकाम सामानाच्या दुकानात मिळतं. दोन पिंपं एकात एक घालून मध्ये स्प्रे फोम भरायचा मोह होईल, मलाही झाला होता. तो फोम फुगताना आतलं पिंप चेपतो, भरताना त्यातून निघणारी वाफ छातीला वाईट, आणि एकदा त्यात गोड पाणी झिरपलं की धुता येत नाही. त्यापेक्षा सोडून धुता येईल असंच आवरण बरं. गॅसची शेगडी मात्र या सगळ्यापासून लांब.

आणि तोटी. अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्हला २१ मिलिमीटरचं भोक लागतं, होल सॉनंच (गोल भोक कापणाऱ्या करवतीनं) पाडा. बुडापासून चार-पाच सेंटीमीटर वर घ्या, नाहीतर आतला नट बसायला जागाच राहत नाही. पिंपाची भिंत गोल, वायसर सपाट, त्यामुळे पातळ रबरी वायसर कडेनं उचलला जातो. मी पान्यानं ताकद लावून आवळला, तर तो पिळवटून बाहेर आला. गळती इतकी बारीक की दिसलीच नाही, सगळं चटईच्या आत मुरलं. तीन दिवसांनी गॅरेजमध्ये आंबट वास कुठून येतोय म्हणून शोधत बसलो होतो. जाड, मऊ सिलिकॉनचे वायसर घ्या, आत एक, बाहेर एक, आणि हातानं आवळून वर जेमतेम पाव वेढा.

आतल्या गाळणीसाठी १५ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीचा चौकोन करा, एकेक सेंटीमीटरवर करवतीनं चिरा पाडा आणि चिरा खाली ठेवा. जोड नुसते दाबून बसवा, झाळू नका. नळाच्या लवचिक पाइपवरची स्टीलची जाळीही चालते, पण माल्टच्या वजनाखाली ती चपटी होते. आत तांब्याच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं घाला. राखाडी पीव्हीसी नको, या तापमानाला तो मऊ पडतो.

वापरायच्या दिवशी पिंप आधी जागेवर ठेवा, मग भरा. गरम झालेलं प्लास्टिक नरम असतं आणि वीस किलो उचलायला गेलात तर काठ हातात येईल. ८० अंशांचं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवा, मग ते काढून टाका. माल्ट १८ अंशांचा असेल आणि किलोमागे ३ लिटर पाणी धरलं, तर मॅशचं पाणी ७४ अंशांचं घ्या, म्हणजे मिसळल्यावर ६७ येतं. माल्ट थोडा थोडा घालत ढवळा, गोळे होऊ देऊ नका. तासानं तोटी उघडली की पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात, ते हळूच परत वर ओता. धार अडली तर भरड फार बारीक आहे असं समजा. पुढच्या वेळी मूठ-दोन मुठी भाताची तूसं मिसळा. चोथा किलोमागे लिटरभर पाणी धरून ठेवतो, तेव्हा पहिल्यांदा १० लिटरच मिळतील. मग साधारण १७ लिटर पाणी, ७५ अंशांच्या आसपासचं, दुसऱ्यांदा घालून उरलेली साखर धुऊन घ्या.

पण त्याआधी एकदा माल्टशिवाय, नुसत्या ६७ अंशांच्या पाण्यानं तासभर चाचणी घ्या. गळती आणि उष्णता, दोन्ही कळतील आणि माल्ट वाया जाणार नाही.

हे वाचणाऱ्या पुण्या-मुंबईकरांसाठी: ब्रिटनमध्ये घरी पिण्यापुरती बिअर करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना करणं गुन्हा आहे. तेव्हा पिंपाला भोक पाडू नका.

चोथ्याचं काय करायचं हेही विचाराल. मी मूठभर थालीपिठाच्या भाजणीत मळतो. तूस दाताला लागतं, म्हणून आधी मिक्सरमधून काढावं लागतं. बाकीचा शेजारच्या कोंबड्यांना जातो, आणि बुधवारी सकाळी तिकडून चार अंडी येतात.