पिकअप ट्रकला नवे टायर घालायचे आहेत. दणकट दिसावेत, पण मायलेज पडू नये. काय निवडावं?

कंपनीने दिलेला साइज बदलू नका, माझं पहिलं सांगणं हेच. रुबाबासाठी मोठा टायर घालायचा मोह होतो आणि मायलेज तिथेच हातचं जातं. २६५/७० आर १७ (मिलिमीटरमध्ये रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची, इंचांत रिम) या साइजच्या जागी २८५/७० आर १७ घातला, तर टायर २० मिलिमीटर रुंद आणि २८ मिलिमीटर उंच होतो. वजन वाढतं, हवेचा विरोध वाढतो, आणि प्रत्येक सिग्नलला तो जड घेर नव्याने फिरवावा लागतो. शिवाय मीटर फसवतो: गाडी १०० किलोमीटर धावली तरी तो साडेशहाण्णवच दाखवतो. म्हणजे मायलेज जेवढं घटलं त्याहून जास्त घटल्यासारखं वाटतं.

मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचा टायर, रोजच्या डांबरी रस्त्यासाठी घेऊच नका. त्याच्या मोठ्या गोट्या (रबराचे उंचवटे) रस्त्यावर सतत दबतात, त्यात इंधन जातं, वर घूं-घूं आवाज.

मी सौम्य नक्षीचा ऑल-टेरेन, म्हणजे पक्का रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारा टायर, सुचवेन. मधल्या पट्ट्यात गोट्या जवळजवळ, खांद्यावर (कडेला) मात्र खोल खाचा आणि साइडवॉलवर उठावाची पांढरी अक्षरं. उभ्या गाडीचा रुबाब बाजूनेच तर दिसतो! वर्षभर हायवेच असेल, तर सरळ हायवे टायर घ्या.

'एलटी' (लाइट ट्रक) प्रकार जड माल किंवा खडकाळ रस्ता असेल तरच. तो वजनदार असतो आणि त्याला हवाही जास्त लागते. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. आणि दर महिन्याला, टायर थंड असताना, हवा तपासा.